बुद्धिबळाच्या पटाभोवतीच्या आख्यायिका

बुद्धिबळाचा डाव मुकाट्याने खेळावा असे शास्त्र आहे खरे. परंतु ते शास्त्र आपल्या लोकांनी कधी मनावर घेतल्याचे ऐकिवात नाही. निगडीस प्राधिकरणातील एखाद्या बागेत सायंकाळच्या वेळी जाऊन पाहावे. आकुर्डी-चिंचवडच्या कारखान्यांत उमेदीची तीस-पस्तीस वर्षे घालवून निवृत्त झालेली मंडळी बाकावर पट मांडून बसलेली असतात. खेळणारे दोघे आणि सल्ला देणारे सहा, असे साधारण प्रमाण असते. एकाने वजीर दोन घरे मागे घेतला की लगेच कोणी तरी म्हणतो, ‘वजिराची पाळी सुटली वाटते!’ दुसऱ्याचा घोडा फुकट गेला की, ‘घोड्यास पेन्शन मिळाले’ असा शेरा ठरलेला. मग डाव थोडा बाजूस राहतो आणि जुन्या खेळाडूंच्या गोष्टी निघतात. अमक्याने पाठ फिरवून तमक्यास हरविले, तमक्याने केवळ प्याद्याने मात केली, असे एकेक आख्यान रंगू लागते.

ह्या गोष्टी ऐकताना आमच्या मनात नेहमी एक प्रश्न उभा राहतो. बुद्धिबळाचा लिखित इतिहास म्हणजे बहुधा खेळ्यांची टिपणे. माणसाचा स्वभाव मात्र आख्यायिकांतूनच कळतो. मग ह्या आख्यायिकांवर विश्वास कितपत ठेवावा?

थट्टेची ही परंपरा जुनी आहे आणि ती केवळ आपलीही नव्हे. रुय लोपेझ नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५६१ साली बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला. त्यात गंभीर विवेचनाबरोबरच, पट असा मांडावा की सूर्यप्रकाश प्रतिपक्षाच्या डोळ्यांवर येईल, असाही उपदेश त्या साधुपुरुषाने केला आहे. आपल्याकडे तर खेळाच्या नियमांतच थट्टेची सोय होती. जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चाले आणि राजास शह बसला नसेल तोवर त्यास एकदा घोड्याची उडी मारता येई. प्रतिपक्षाचा राजा अगदी एकटा उरला तर ‘बुर्जी’, म्हणजे डाव बरोबरीत. प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची. त्यामुळे शत्रूचे सारे सैन्य कापणारा अधाशी खेळाडू जिंकत आलेला डाव घालवून बसे आणि बघ्यांच्या हास्यास पात्र होई. जिंकावयाचे, पण प्रतिपक्षाजवळ काही तरी शिल्लक ठेवून, ही मर्यादा त्या नियमांत होती.

पुढे युरोपीय पद्धत आली. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांचे बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजीत छापले गेले. ते मूळ संस्कृतावरून केलेले भाषांतर होते, आणि तरीही त्यातील डाव युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेले होते. संस्कृतात विचार करावयाचा, खेळावयाचे विलायती नियमांनी आणि छापावयाचे इंग्रजीत, हा त्रिवेणी संगम एका शास्त्रीबुवांनी पेशवाई अजून शिल्लक असतानाच साधला, ही गोष्ट कोणत्याही विनोदाहून कमी गमतीची नाही.

त्यानंतर तीन-चार दशकांनी कलकत्त्यास जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर खेळावयास नवा प्रतिस्पर्धी शोधीत होता. मुफसलात एक ब्राह्मण आहे, तो कधी कोणास हरला नाही, असे क्लबातील एका सभासदाने सांगितले व त्यास आणून भेटविले. तो महेशचंद्र बंदोपाध्याय. कॉक्रेनने त्यास बहुतेक वेळा हरविले हे खरे. पण त्या दोघांचे चारशेंहून अधिक डाव टिपून ठेवले गेले. महेशचंद्र प्यादी सावकाश एकेक घर पुढे सरकवी, उंट कोपऱ्यातून लांबवर रोखून धरी आणि पटाचा मध्य प्रतिपक्षास खुशाल घेऊ देई. त्या काळच्या युरोपीय दृष्टीस हे एका खेडवळाचे अज्ञान वाटले असल्यास नवल नाही. विसाव्या शतकात थोरथोर खेळाडू तसेच खेळू लागले आणि त्या मांडण्यांस ‘भारतीय बचाव’ हे नाव रूढ झाले. हसण्याजोगे वाटणारे पुष्कळदा केवळ वेळेआधी आलेले असते.

आता आख्यायिकेच्या खरेपणाकडे वळू. निम्झोविचची चिरुटाची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. त्यास धुराचा तिटकारा; प्रतिस्पर्ध्याने न ओढण्याचे कबूल केले, पण चिरूट काढून मेजावर ठेवला. निम्झोविचने पंचाकडे धाव घेतली. ‘अहो, तो ओढीत कोठे आहे?’ असे पंचाने विचारताच तो म्हणाला, ‘नाही, पण ओढण्याचा धाक घालतो आहे, आणि धाक हा प्रत्यक्ष कृतीहून बलवान असतो, हे आपण जाणताच!’ गोष्ट नामी आहे. पण तो प्रतिस्पर्धी कोण? कोणी विद्मारचे नाव घेतो, कोणी लास्करचे. ज्या गोष्टीतील माणसे अशी बदलतात, ती स्वभावचित्र म्हणून ठेवावी, पुरावा म्हणून ठेवू नये.

ह्या विवेकाची खरी गरज मीर सुलतान खान ह्याच्या बाबतीत पडते. पंजाबातील हा खेळाडू देशी पद्धतीवर वाढलेला. सर उमर हयात खान ह्यांच्याबरोबर तो १९२९ साली विलायतेस गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला. १९३२ व १९३३ साली त्याने ते पुन्हा मिळविले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत तर त्याने साक्षात् कापाब्लांकास हरविले. त्याची एक आख्यायिका अशी, की प्रतिस्पर्ध्याने तीनदा बरोबरीची सूचना केली, तरी हा केवळ हसला. तेव्हा त्या गृहस्थाने चिडून विचारले, ‘तुमचा हा वीर भाषा तरी कोणती बोलतो?’ उत्तर मिळाले, ‘बुद्धिबळ!’

ह्या गोष्टीने कोणाचे काही बिघडत नाही. दुसरी तशी नाही. १९३३ साली फोकस्टोनच्या सामन्यांनंतर सर उमर ह्यांनी अमेरिकन संघास मेजवानी दिली. मी एरवी माझ्या शिकारी कुत्र्यांखेरीज कोणाशी बोलत नाही, असे म्हणून त्यांनी पाहुण्यांचे स्वागत केले आणि पंक्तीत वाढावयास खुद्द सुलतान खान होता, असे त्या संघातील रूबेन फाइन ह्याने पुढे लिहिले. तेव्हापासून ‘नोकर झालेला महारथी’ ही प्रतिमा पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिली. सुलतान खानाच्या नातीने अलीकडे तिला हरकत घेतली आहे. आपले घराणे जमीनजुमल्याचे व पिरांच्या परंपरेचे होते, तो कोणाचा चाकर नव्हता, असे तिचे म्हणणे आहे. फाइनने पाहिले ते पंक्तीतील एक दृश्य. त्यावरून माणसाचा दर्जा ठरविला तो वाचकांनी. आपल्याकडे यजमानाच्या घरचा कर्ता मुलगाही पंक्तीत वाढतो, आणि त्यास कोणी आचारी समजत नाही! १९६६ साली वारलेल्या ह्या खेळाडूस जागतिक संघटनेने सन्माननीय ग्रँडमास्टर हे पद दिले ते २०२४ साली. आख्यायिका मात्र केव्हाच जगभर पोहोचली होती.

सुलतान खान हिंदुस्थानात परतल्यावर १९३५ साली व्ही. के. खाडिलकर ह्यांच्याशी त्याचा दहा डावांचा सामना झाला. खाडिलकरांस त्यात एकच बरोबरी मिळाली. ‘दहांत अर्धा गुण!’ म्हणून आज कोणी हसेल. पण कापाब्लांकास हरविणाऱ्या माणसासमोर नऊ वेळा हरून दहाव्यांदा पट मांडावयास जे धैर्य लागते, त्याचा गुण कोणत्या तक्त्यात मांडावयाचा? अशाच चिकाटीतून संस्था उभ्या राहतात. १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीस नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापिले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या मुले-मुली घडली.

मुलींवरून आठवले. ‘हा खेळ बायकांचा नव्हे’ हा पटाभोवतीचा सर्वांत शिळा विनोद. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली व तिने तीन राज्यविजेत्यांस हरविले, तेव्हा तो विनोद विनोद राहिला नाही. आक्षेप आले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे ह्यांनी स्त्रियांस मज्जाव करता येणार नाही असा निर्णय दिला. १९८१ साली तीच रोहिणी आशियाची महिला विजेती झाली.

सारांश, आख्यायिका ऐकाव्या, सांगाव्या, त्यांवर मनमुराद हसावे. परंतु हसताना कोणाच्या अंगावरचे वस्त्र आपण ओढीत आहो, इतके पाहावे. जुन्या खेळातील बुर्जीचा नियम येथेही लावण्याजोगा आहे. गेलेल्या माणसाजवळ थोडी तरी प्रतिष्ठा शिल्लक ठेवली, तरच आपली थट्टा जिंकली म्हणावयाची. निगडीच्या बाकावरील मंडळींस हे न शिकविता कळलेले दिसते. अंधार पडून मोहरी दिसेनाशी झाली की हरत आलेला खेळाडू म्हणतो, ‘उजेड असता तर दाखविले असते!’ आणि जिंकणारा पट आवरीत म्हणतो, ‘अलबत! उजेडाचाच दोष.’