गोड लघवी आणि दीर्घ दुःख

मधुमेहाचा इतिहास आपण बहुधा १९२१ सालच्या टोरोंटोपासून, बँटिंग आणि बेस्ट यांच्या इन्सुलिनपासून सांगू लागतो. आम्ही थोडे मागे जातो. सतराव्या शतकात टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने या रुग्णांची लघवी मधासारखी गोड असते, असे नोंदवले. (सुश्रुतसंहितेत ‘मधुमेह’ हे नावच आहे, तेव्हा आपल्याला याचे नवल नको.) त्याचे दुसरे म्हणणे मात्र मागे पडले : दीर्घकाळचे दुःख हे त्याने या रोगाचे एक कारण मानले होते.

एकटे दुःख मधुमेह आणत नाही, पण संबंध खरा निघाला. मन खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, पथ्य सोडतो. ताणामुळे कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि यकृत रक्तात अधिक साखर सोडते. उलट, रोजचे पथ्य, औषधांचा खर्च, पायाच्या जखमेची धास्ती यांनी मन खचते. थकवा आणि झोपमोड तर दोन्ही आजारांत सारखीच. ‘साखरेमुळे असेल’ म्हटले की नैराश्य निसटलेच!

सरकारी योजना मात्र वेगवेगळ्या निघाल्या. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा. मधुमेह, हृदयरोग वगैरेंचा कार्यक्रम २०१०चा; त्याच्या पहिल्या १०० जिल्ह्यांत वाशीम, म्हणजे मंगरूळपीरचा जिल्हा, होता. माणूस एक, नोंदवह्या दोन.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. शेतकरी-आत्महत्यांची पार्श्वभूमी त्याला होती. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी बोलू लागले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे पूर्वी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्के झाले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. यात मधुमेह नव्हता. पण मनाच्या आजाराची पहिली विचारपूस डॉक्टरनेच करावी लागते, ही समजूत मोडली. आम्हांला हेच मोठे वाटते.

दोन्ही आजारांवर एकत्र उपचाराची भारतीय चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि विशाखापट्टणम येथील चार दवाखान्यांतले ४०४ रुग्ण त्यात होते. समन्वयक रुग्णाशी नियमित बोलत. मधुमेहतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ त्या नोंदी पाहून सल्ला देत. दोन वर्षांनी नैराश्य निम्म्याने उतरून शिवाय साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी काही सुधारलेले रुग्ण या गटात ७१.६ टक्के होते; नेहमीच्या उपचारात ५७.४ टक्के.

हे चारही दवाखाने शहरांतले, मधुमेहाचेच. मंगरूळपीर तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असे तज्ज्ञ नेमलेले नसतात. तेथे साखर तपासणाऱ्या परिचारिकेने ‘झोप लागते का? कशात मन रमते का?’ असे विचारले, तर पुढचा सल्ला जिल्ह्याच्या डॉक्टरांकडून फोनवर घेता येईल.