पाच स्त्रिया आणि अपुरा पुरावा

खुनाच्या हकिकतीत वाचकाचे लक्ष खुन्याकडे लागते. ज्याचा जीव गेला तो माणूस मात्र लवकरच विसरला जातो. इ.स. १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत झालेल्या खुनांचे असेच झाले. खुनी सापडला नाही, पण एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्राखालचे ‘जॅक द रिपर’ हे नाव त्याला कायमचे चिकटले.

पोलिसांच्या दप्तरात एप्रिल १८८८ ते फेब्रुवारी १८९१ या काळातील अकरा स्त्रियांच्या खुनांची नोंद आहे. त्यांपैकी पाच एकाच माणसाने केले असावेत, असे सामान्यतः मानतात. त्या पाच जणी म्हणजे मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली. केली पंचविशीतली, बाकी चौघी चाळिशी ओलांडलेल्या, संसार मोडलेल्या. निकोल्सला पाच मुले होती. रात्रीच्या बिछान्याचे ४ पेन्स नव्हते, म्हणून ३१ ऑगस्टच्या पहाटे ती रस्त्यावर होती. चॅपमनचा विभक्त नवरा तिला खर्चाला पैसे पाठवीत असे. १८८६ मध्ये तो वारला आणि तो आधार तुटला. ८ सप्टेंबरच्या रात्री तिच्याकडेही बिछान्यापुरते पैसे नव्हते.

आता विज्ञानाकडे वळू. चॅपमनचा मृत्यू केव्हा झाला? पोलीस सर्जन फिलिप्स यांनी सकाळी साडेसहाच्या सुमारास प्रेत तपासले. ते बरेच थंड झाले होते, म्हणून मृत्यूला निदान दोन तास झाले असावेत, असे त्यांचे मत पडले. पण साडेपाचच्या सुमारास तिला जिवंत पाहिल्याचे एका साक्षीदार बाईने सांगितले. मग चूक कोणाची? प्रेत किती वेगाने थंड होईल हे हवेचे तापमान, अंगावरचे कपडे, शरीराचा बांधा यांवर अवलंबून असते. ती सकाळ गार होती, रक्त वाहून गेले होते, शरीर उघडे पडले होते. या कारणांनी अंदाज चुकू शकतो, हे खुद्द फिलिप्स यांनीच मान्य केले होते. चौकशी करणाऱ्या कॉरोनरने साक्षीदारांवर विश्वास ठेवला.

इतर साधनेही तोकडी होती. डाग रक्ताचा आहे की नाही हे ओळखता येई. पण ते रक्त माणसाचे की जनावराचे, हे खात्रीने सांगणारी कसोटी १९०१ मध्ये उलेनहूट यांनी दिली. रक्तगटांचा शोधही त्याच सुमाराचा. बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल, असे हेन्री फोल्ड्स यांनी १८८० मध्येच ‘नेचर’मध्ये लिहिले होते. परंतु हजारो ठशांतून एक शोधायचा तर वर्गीकरण हवे. ते कलकत्त्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमांतून सिद्ध झाले. तेथे १८९७ मध्ये ठसे विभाग निघाला, आणि १९०१ मध्ये लंडनच्या पोलिसांनी ती पद्धत उचलली.

हाती होते तेही नीट जपले गेले नाही. चॅपमनचे प्रेत शवविच्छेदनाआधीच धुतले गेले. एडोजच्या एप्रनचा तुकडा सापडला त्या जागी भिंतीवर खडूने लिहिलेला मजकूर होता. ज्यूंविरुद्ध दंगल उसळेल या भीतीने पोलीस आयुक्तांनी तो छायाचित्र घेण्याआधीच पुसायला लावला.

२०१९ मध्ये एका शालीवरील डीएनएवरून खुनी ओळखल्याचा दावा शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. तो तपासून पाहण्याजोगा आहे. त्यात वापरलेला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून मुलांना जातो. तो असंख्य माणसांत सारखाच असू शकतो. त्यामुळे तो जुळला नाही तर संशयित वगळता येतो, पण जुळला तरी एकच व्यक्ती ठरत नाही. शिवाय शाल अनेकांच्या हाताळणीतून गेलेली. आणि ती एडोजचीच कशावरून?

या शेवटच्या प्रश्नावर वर्गात चर्चा घेता येईल. एडोजच्या प्रेताजवळील वस्तूंची पोलिसांनी केलेली यादी उपलब्ध आहे. तिच्यात चहाची डबी, साखरेची डबी, साबणाचे सहा तुकडे, फणी, हेम्पच्या धाग्याचा गुंडा, एक लाल हातमोजा असे सारे आहे. घर नसलेली बाई आपला संसार अंगावर घेऊन हिंडत होती. त्या यादीत शाल नाही.