एइबारची स्वस्त पिस्तुले

गेल्या हिवाळ्यात कानपूरच्या मुक्कामी असताना आमच्या एका स्नेह्यांचा निरोप आला की, सायंकाळी अवश्य घरी यावे, एक वस्तू दाखवावयाची आहे. स्नेही हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, वस्तू म्हणजे एखादे जुने दप्तर असेल अशा समजुतीने आम्ही गेलो. तो टेबलावर मऊ फडक्यात गुंडाळलेले एक पिस्तूल निघाले. वडिलांच्या पश्चात परवाना रीतसर त्यांच्या नावे झाला होता आणि शस्त्रविक्रेत्याकडे ठेवलेली ही ठेव त्याच दिवशी त्यांच्या हाती आली होती. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून त्यांनी ते आमच्या हाती दिले.

शस्त्रविद्येत आमची गती बेताचीच. तथापि हातात घेतल्याबरोबर जे जाणवले ते हे की, वस्तू लहान असून जड आहे. लांबी वीतभरही नाही, वजन मात्र पाऊण किलोहून अधिक. घोडा बाहेर दिसत नाही, तो आत दडलेला. डाव्या बाजूस चापाच्या वर सुरक्षेचा एक खटका. मुठीवर लाकडी पट्ट्या. बाहेरून काळीभोर झिलई, पण वरचा सरकता भाग मागे ओढून आत डोकावले तर कानशीचे ओरखडे जसेच्या तसे. पाहुण्यांच्या दिवाणखान्यात गालिचा आणि माजघरात शेणमाती, असा काहीसा प्रकार. एकंदरीत मत वाईट झाले नाही. मूठ हाताला बरी बसत होती आणि खटके कुरकुर न करता सरकत होते.

बरोबर दोन मॅगझिने होती, दोन्ही नऊ काडतुसांची. पहिले मुठीत घातले, टकदिशी बसले. दुसरे घातले ते दोन बोटे आत जाऊन अडले. ते उलटसुलट पाहिले, पुसले, पुन्हा घातले. पुन्हा तेथेच अडले. डोळ्यांना दोहोंत तिळाचाही फरक दिसत नव्हता. स्नेही खजील झाले. जणू दोष त्यांच्या घराण्याचाच! वस्तुतः हा दोष शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे मूळ पहिल्या महायुद्धातील एका सरकारी खरेदीत आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांची हयात निविदा उघडण्यात आणि माल ताब्यात घेण्यात गेली असल्याने ही हकीकत त्यांना परकी वाटणार नाही.

स्पेनच्या उत्तरेस, बास्क लोकांच्या गिपुस्कोआ प्रांतात, एगो नावाच्या लहानशा नदीच्या चिंचोळ्या खोऱ्यात एइबार हे गाव आहे. शेतीला सपाट जमीन नाही. लोखंड आणि ओढ्यांचे पाणी मात्र जवळ. त्यामुळे कित्येक शतके हे गाव बंदुकांवर जगले. कोणी नळ्या करी, कोणी चाप, कोणी लाकडी दस्ते, आणि शेवटी एकाच्या दुकानी हे सारे जुळून बंदूक पुरी होई. पोलादावर सोन्याची तार ठोकून नक्षी करण्याची कलाही येथे पोसली. प्रसिद्ध चित्रकार इग्नासिओ सुलोआगा (जन्म 1870) याच गावचा, अशाच नक्षीकारांच्या कुळातला. आमचे जे वाचक बिहारात नोकरीला होते त्यांना हे वाचून मुंगेर आठवेल. मीर कासीमने 1760 नंतर तेथे राजधानी नेऊन तोफा-बंदुकांचे कारखाने घातले. नबाबी गेली, पण गावाच्या बोटांतली विद्या गेली नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी एइबारला एक नवे घबाड सापडले. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने बेल्जममधील एर्स्तालच्या कारखान्यासाठी आपोआप भरणारी पिस्तुले योजली होती. 7.65 मिलिमीटरच्या काडतुसाचा जोर मध्यम. तेव्हा नळी बंद ठेवण्यास निराळे कुलूप नको, सरकत्या भागाचे वजन आणि एक स्प्रिंग एवढे पुरे. गोळी सुटली की धक्क्याने तो भाग मागे जावा, रिकामे टरफल फेकावे आणि परत येताना नवे काडतूस नळीत ढकलावे. पुढच्या गोळीसाठी चाप मात्र पुन्हा दाबावा. इतकी सुटसुटीत रचना एइबारच्या चाणाक्ष नजरेतून सुटणे शक्य नव्हते. त्यात स्पेनचा कायदा असा होता की, परदेशी शोधकाने ठराविक मुदतीत आपली वस्तू स्पेनमध्ये तयार केली नाही, तर त्याचा हक्क तेथे टिकत नसे. एइबारने नक्कल केली, आणि ती राजरोस केली. ब्राउनिंगच्या 1903 च्या नमुन्यात मुठीच्या मागे एक सुरक्षेची पट्टी होती, हाताने मूठ आवळल्याखेरीज गोळी सुटू नये म्हणून. ती गाळून टाकली. तेवढेच काम कमी, तेवढीच किंमत कमी. गाबिलोन्दो आणि उरेस्ती यांच्या पेढीने मूठ किंचित लांब करून नऊ काडतुसे बसविली आणि या मालाला ‘रूबी’ असे रत्नाचे नाव दिले.

1914 मध्ये युद्ध पेटले. फ्रान्सचे सैनिकी रिव्हॉल्व्हर 1892 च्या नमुन्याचे, सहा गोळ्यांचे, उत्तम घडणीचे होते. परंतु कारखान्यांना रायफलींपुढे श्वास घेण्यास फुरसत नव्हती. खंदकांच्या लढाईत तर रायफल लांब पडते. यंत्रतोफेवरच्या शिपायाला आणि खंदक साफ करणाऱ्या तुकडीला हातात मावेल असे काही हवे होते. सरहद्दीपलीकडे तटस्थ स्पेन, आणि तेथे हे तयार, स्वस्त पिस्तूल. 1915 मध्ये फ्रान्सने दरमहा 10,000 नगांची मागणी नोंदविली. थोड्याच महिन्यांत ती 30,000 वर गेली.

आता एका पेढीने महिन्याला तीस हजार पिस्तुले करावी कशी? पेढीने तेच केले जे एइबार पूर्वापार करीत आले होते: काम शेजाऱ्यांत वाटले. शेजाऱ्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांत वाटले. पुढे कित्येकांनी मधला दलाल टाळून फ्रेंचांशी सरळ सौदे केले. युद्ध संपेतो सात लाखांच्या आसपास पिस्तुले फ्रान्सला गेली. हा पराक्रम लहान नव्हे, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. कारण या पिस्तुलांची टवाळी करणाऱ्यांना त्या कारागिरांची मेहनत दिसत नाही. परंतु कानशीने घासून बसविलेला भाग एका पिस्तुलात चपखल बसतो, तो त्याच पिस्तुलासाठी घासलेला असतो म्हणून. एका दुकानाचे मॅगझीन दुसऱ्या दुकानाच्या मुठीत जाईलच असा नेम राहिला नाही.

दैवाचा खेळ असा की, अदलाबदल होऊ शकणाऱ्या भागांची कल्पना फ्रान्सला नवी नव्हती. ओनोरे ब्लाँ या फ्रेंच शस्त्रकाराने 1785 मध्ये सुट्या भागांच्या ढिगांतून हाती येईल तो तुकडा उचलून बंदुकीचे चाप जुळवून दाखविले. पाहणाऱ्यांत अमेरिकेचा त्या वेळचा वकील टॉमस जेफर्सन होता. ती विद्या पुढे अमेरिकेच्या सरकारी शस्त्रशाळांनी पुरी केली. सव्वाशे वर्षांनी फ्रान्सच्याच शिपायाच्या हाती मात्र न बसणारे मॅगझीन आले. ज्या अधिकाऱ्याने मागणीवर सही केली त्यास आम्ही दोष देऊ धजत नाही. वेर्दंच्या मोर्चावर माणसे मरत असताना ‘मापे तपासून माल घेऊ’ म्हणणे सोपे नव्हते. पण खंदकात चिखलाने माखलेल्या बोटांनी दुसरे मॅगझीन चाचपणाऱ्या शिपायासमोर ती सही उभी नव्हती. तो एकटा होता.

उपाय झाला तो कागदी कारभाराला साजेसा. प्रत्येक कारखान्यास दोन-दोन अक्षरे ठरवून दिली (गाबिलोन्दो-उरेस्तींची ‘जी’ आणि ‘यू’) आणि ती पिस्तुलाच्या अंगावर व मॅगझिनाच्या तळाशी ठोकली. अक्षर अक्षराला जुळले म्हणजे मॅगझीन बसावे! दुसरी तक्रार याहून गंभीर होती. कातडी म्यानात घालता-काढताना सुरक्षेचा खटका घासून आपोआप सरके. तेव्हा खटक्याच्या वर एक ठसठशीत मेख बसविण्यात आली, ती कातड्याला दूर ठेवी. गाळलेल्या पट्टीची आठवण त्या वेळी कोणाला झाली असेल काय?

1918 मध्ये तोफा थांबल्या आणि एइबारवर उपासाची पाळी आली. कित्येक दुकाने बसली. 1920 मध्ये कामगारांनी ‘आल्फा’ ही सहकारी संस्था काढली. ती पिस्तुलांवरून शिवणयंत्रांवर आली. बेइस्तेगी बंधूंनी, पुढे ओर्बेआंनी सायकली काढल्या. नळी ओढणारे हात सायकलीच्या सांगाड्याला लागले. गाबिलोन्दोंनी शस्त्रे सोडली नाहीत; त्यांची ‘लामा’ पिस्तुले पुढे दूरदूर गेली. 14 एप्रिल 1931 रोजी भल्या पहाटे स्पेनच्या प्रजासत्ताकाचा पहिला झेंडा याच गावाने उभारला, आणि 1937 च्या एप्रिलात बाँबवर्षावाने गाव उद्ध्वस्त झाले.

हे सारे आम्ही स्नेह्यांस सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून भिंग आणले. पिस्तुलाच्या मुठीवर पुसट दोन अक्षरे होती. बसणाऱ्या मॅगझिनाच्या तळाशी तीच. न बसणाऱ्याच्या तळाशी निराळी. कारखान्यांची नावे येथे सांगण्याचे कारण नाही. शस्त्रविक्रेत्याची पावती टेबलावर होतीच. तीवर ‘पिस्तूल 1, मॅगझीन 2’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. स्नेह्यांनी ती बराच वेळ न्याहाळली. मग न बसणाऱ्या मॅगझिनाला त्यांनी पांढरा दोरा बांधला आणि पावतीच्या आपल्या प्रतीवर, ‘2’ या आकड्याशेजारी, पेन्सिलीने बारीक अक्षरांत नोंद केली: पैकी 1 लागू नाही.