शिरढोणचे वासुदेव बळवंत आणि चर्चेची शिस्त

१/ विद्यार्थ्यांनी आपले म्हणणे कसे मांडावे आणि दुसऱ्याचे कसे ऐकावे, हा प्रश्न महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे. त्याच्या इतिहासातील एक धागा पनवेलजवळच्या शिरढोणपर्यंत जातो.

२/ १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. एकाने निबंध वाचावा, इतरांनी त्यावर चर्चा करावी, अशी तिची रीत होती. तरुण दादाभाई नौरोजी तिच्या कार्यकर्त्यांत होते.

३/ निबंध वाचायचा म्हणजे आधी विषय आखावा लागे, आधार शोधावे लागत. आक्षेप घेणाऱ्यालाही निबंध नीट ऐकणे भागच होते. ही चर्चा शब्दांपाशी थांबली नाही. सभासदांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा उघडल्या आणि तेथे स्वतः शिकवले.

४/ या शिस्तीला एक कुंपणही होते : धर्म आणि राजकारण हे विषय चर्चेत वर्ज्य होते. त्यामुळे सभा वादापासून वाचली. मात्र ज्याची तक्रार राज्यकर्त्यांविरुद्धच होती, त्याने ती कोठे मांडावी, हा प्रश्न उरला.

५/ ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोण येथे वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. नातू मात्र पुण्यात सरकारच्या लष्करी हिशेब खात्यात कारकून झाला. अर्ज लिहिणे आणि हुकुमाची वाट पाहणे, हे त्या नोकरीचे व्याकरण होते.

६/ १८७० च्या सुमारास शिरढोणला आई अत्यवस्थ झाली. फडक्यांनी रजेचा अर्ज केला, पण मंजुरीस विलंब लागला. ते घरी पोहोचले तेव्हा आई निवर्तली होती. पुढल्या वर्षी श्राद्धासाठी मागितलेली रजाही नाकारण्यात आली. अर्जाची भाषा बिनचूक असूनही वेळेवर उत्तर मिळत नसेल, तर तो संवाद नव्हेच, हा धडा त्यांना घरातच मिळाला.

७/ त्याच दशकात न्यायमूर्ती रानडे पुण्यात देशी व्यापार-उद्योगांवर व्याख्याने देत होते. आकडे, कारणे, निष्कर्ष अशी त्यांची मांडणी असे. फडके त्यांच्या श्रोत्यांपैकी होते. पुढे ते स्वतः रविवारी व्याख्याने देऊ लागले. भाषणाची वर्दी देण्यासाठी ते रस्त्यातून थाळी वाजवीत फिरत. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. तीच संस्था पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली.

८/ १८७६–७७ च्या दुष्काळानंतर शब्दांवरचा त्यांचा विश्वास ढळला. १८७९ च्या फेब्रुवारीत धामारीवर दरोडा पडला आणि मे महिन्यात शिरढोणशेजारच्या पळस्पे गावी. त्यानंतर सरकारला उद्देशून जाहीरनामा निघाला : लोकांना काम द्यावे, कर कमी करावेत, बड्या अधिकाऱ्यांचे पगार घटवावेत. मागण्या मुद्देसूद होत्या. परंतु सोबत धमकी होती. सरकारने मुद्द्यांना उत्तर दिले नाही, धमकीला दिले.

९/ जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले. त्यांनी श्रीशैल येथे लिहिलेले आत्मवृत्त आणि रोजनिशी खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा ठरली. वर्षानुवर्षे ज्यांचे म्हणणे कोणी ऐकले नाही, त्यांचे लेखन आता ओळ न् ओळ वाचले गेले. जन्मठेपेच्या शिक्षेत एडन येथे १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

१०/ एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची रीत आजही उपयोगी आहे : विषय नेमका ठेवावा, आधार द्यावा, समोरच्याचे म्हणणे पुरते समजून मग आक्षेप घ्यावा. शिरढोणच्या कारकुनाची कहाणी त्यात एका गोष्टीची भर घालते. चर्चेची शिस्त बोलणाऱ्यावर जितकी बंधनकारक, तितकीच ऐकणाऱ्यावरही. कोणी काही विचारले, तर त्याला वेळेवर उत्तर मिळाले पाहिजे.