'साभार परत' ते निरुत्तर ई-मेल : मुक्त लेखक-संपादक व्यवहाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मराठी नियतकालिकांचा इतिहास सामान्यतः संपादक, वाद आणि वाङ्मयीन प्रवाह यांच्या आधारे लिहिला जातो. लेखकाने आपले लेखन संपादकाकडे कसे पाठविले आणि त्याला होकार वा नकार कसा कळविला गेला, हा व्यवहार मात्र दुर्लक्षित राहतो. वस्तुतः कोणत्याही कार्यालयाचा वेतनधारी नसलेल्या मुक्त लेखकाचे भवितव्य याच व्यवहारावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात टपाल ते ई-मेल या स्थित्यंतराचा या दृष्टीने विचार केला आहे.

टपालयुगातील व्यवहार :
इ.स. १८५४ मध्ये भारतात अंतराचा विचार न करता हलके पत्र अर्ध्या आण्यात पोहोचविण्याची व्यवस्था झाली. त्यामुळे मुंबई-पुण्याबाहेरील लेखकालाही संपादकाशी संपर्क साधणे सुलभ झाले. १८९५ मध्ये का. र. मित्र यांनी 'मासिक मनोरंजन' सुरू केले व १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला. पुढे रूढ झालेल्या दिवाळी अंकांच्या प्रथेने मुक्त लेखनाला एक निश्चित हंगाम मिळवून दिला.

या व्यवहाराचे संकेतही ठरून गेले. मजकूर कागदाच्या एकाच बाजूस सुवाच्य अक्षरात लिहावा, नक्कल स्वतःजवळ ठेवावी आणि साहित्य परत हवे असल्यास पुरेशी तिकिटे लावलेले, स्वतःचा पत्ता लिहिलेले पाकीट जोडावे, अशा सूचना लेखकांच्या परिचयाच्या होत्या. म्हणजे नकाराचा टपालखर्चही लेखकच सोसत असे. तथापि, त्या मोबदल्यात त्याला उत्तराची अपेक्षा करता येई. 'साभार परत' हे दोन शब्द कटू असले, तरी त्यांमुळे तेच लेखन अन्यत्र पाठविण्यास लेखक मोकळा होत असे.

'सत्यकथा'चे उदाहरण :
या व्यवहाराची सर्वांत विकसित अवस्था 'सत्यकथा' मासिकात दिसते. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन हे संपादक कथेतील उणिवा दाखवून पुनर्लेखन सुचविणारी सविस्तर पत्रे लिहीत. अनेक लेखकांना अशी पत्रे शिक्षणासारखी वाटली. परंतु अभिरुचीचे निकष एका कार्यालयात ठरू लागले की निवडीचे रूपांतर मक्तेदारीत होते, असा आक्षेपही घेतला गेला. १९६९ मध्ये राजा ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सत्यकथा'च्या अंकाची जाहीर होळी केली, ती या असंतोषातून. लघुनियतकालिके आणि तत्कालीन औरंगाबाद येथून गंगाधर पानतावणे यांनी संपादित केलेले 'अस्मितादर्श' यांनी प्रस्थापित दारांबाहेरील लेखकांसाठी स्वतंत्र दारे उघडली. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद पडले.

ई-मेलचे आगमन :
भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. परंतु मराठी लेखकाची अडचण वेगळी होती. प्रत्येक फाँटची अंतर्गत रचना भिन्न असल्याने पाठविलेला मजकूर संपादकाच्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या स्वरूपात उघडे. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला असला, तरी छपाईच्या व्यवहारात जुने फाँट दीर्घकाळ टिकून राहिले.

ही अडचण कमी होत गेली तसा पाठविण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. एकच प्रस्ताव अनेक संपादकांकडे एकाच वेळी धाडता येऊ लागला. संपूर्ण लेखाऐवजी विषय, आवाका आणि पूर्वीच्या कामाचे नमुने यांचा थोडक्यात प्रस्ताव पाठविण्याची पद्धतही वाढली. चित्रकार व अनुवादक यांनाही ती उपयुक्त ठरली. मात्र आवक वाढली तशी पोच देण्याची प्रथा क्षीण झाली. परतीचे पाकीट नाहीसे झाले आणि मौन हाच नकार ठरला.

हक्काचा प्रश्न :
लेखी उत्तराला कायदेशीर मूल्यही आहे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ नुसार मुक्त लेखक सामान्यतः आपल्या लेखनाचा प्रथम स्वामी असतो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राबाबत मात्र विरुद्ध करार नसल्यास काम देणारा प्रथम स्वामी ठरतो. म्हणून चित्रकाराने अटी आधीच लिहून घेणे अधिक आवश्यक असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये पुढे झालेल्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेल्या करारांना स्पष्ट मान्यता दिली. ई-मेलच्या देवघेवीतूनही करार सिद्ध होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता प्रकरणात मान्य केले. अर्थात मानधन, मुदत व वापराची व्याप्ती नमूद करणारा चार ओळींचा ई-मेलही दुर्लक्षणीय नाही.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.
१) टपालयुगात प्रवेश खर्चिक होता, परंतु उत्तराची प्रथा होती, ई-मेलने प्रवेश खुला केला, पण ती प्रथा दुर्बल केली.
२) संपादकाचे सविस्तर पत्र हे मार्गदर्शन आणि नियंत्रण या दोहोंचे साधन होते. त्याचा केवळ गौरव किंवा केवळ धिक्कार इतिहासाला धरून होणार नाही.
३) जुन्या पत्रांचे गठ्ठे अभ्यासकांच्या हाती लागू शकतात, ई-मेल मात्र खाते बंद होताच नष्ट होण्याचा संभव असतो. नकारच लिहिला गेला नाही, तर कोणाचे लेखन दाराबाहेर राहिले याचा पुरावाही उरणार नाही.

म्हणूनच संपादकाने दोन ओळींची पोच देणे आणि लेखकाने आपला पत्रव्यवहार जतन करणे, या गोष्टी शिष्टाचारापुरत्या मर्यादित नाहीत. भावी वाङ्मयेतिहासाची ती साधने आहेत.