वाढत्या अंगाचे

मुलाच्या मापापेक्षा चार बोटे मोठा कोट घ्यायचा, बाह्या आत दुमडून टाके घालायचे आणि मूल वाढेल तसतसे ते उसवत जायचे, याला रशियन भाषेत ‘ना विरस्त’ म्हणतात. मराठीत आपण ‘वाढत्या अंगाचे’ म्हणतो, ते हेच. रशियातल्या मुलांच्या रोजच्या कपड्यांचा इतिहास सहसा दोन रीतींनी सांगितला जातो. एक रीत प्रगतीची. आधी मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस, मग अठराव्या शतकात बालपणाचा शोध लागला आणि हळूहळू मुलांना त्यांचे स्वतःचे कपडे मिळाले. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी 1960 साली युरोपातल्या बालपणाबद्दल जे मांडले, त्याची ही सावली. दुसरी रीत गणवेशाची, म्हणजे राजसत्तेने मुलांना लावलेल्या शिस्तीची. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही रीती समारंभाच्या आणि शाळेच्या कपड्यांवर जास्त रेंगाळतात. रोज अंगात असणारे कापड तपासले तर वेगळेच काही हाती लागते. रशियन मूल कितीतरी पिढ्या एक तर मोठ्यांच्या सरलेल्या दिवसांतून कापलेले कापड वापरत आले, नाही तर स्वतःच्या पुढच्या वयासाठी शिवलेले. आत्ता, या वयात, या अंगाला काय हवे, हा प्रश्न त्या कपड्यांत उशिरा शिरला, आणि तोही चोरपावलांनी.

सुरुवात खेड्यापासून करायला हवी, कारण 1897 च्या जनगणनेतही रशियन साम्राज्यातले जेमतेम 13 टक्के लोक शहरांत राहत होते. नवजात बाळाला पहिल्यांदा गुंडाळायचे ते बहुधा बापाच्या वापरलेल्या सदऱ्यात. काही भागांत मुलीसाठी आईचा सदरा घेत. त्यावरून कापडाची लांब पट्टी फिरवून बाळाला घट्ट बांधत. मूल चालू लागले की मुलगा असो वा मुलगी, अंगात एकच कपडा असे: घरी विणलेल्या जाडसर लिननचा, गुडघ्याखाली जाणारा सदरा आणि कमरेला पट्टा. हा पट्टा पुष्कळदा बारशाच्या वेळी मानलेली आई, म्हणजे गॉडमदर, देई आणि तो अंगावरून उतरवणे अशुभ मानत. मराठी वाचकाला इथे करगोटा आठवेल. पायात लिंडेनच्या सालीचे विणलेले लाप्ती, हिवाळ्यात नमद्याचे वालेंकी, आणि तेही प्रत्येकाला स्वतंत्र असतीलच असे नाही. मुलाला विजार मिळे ती बऱ्याच उशिरा. दक्षिणेकडच्या प्रांतांत मुलगी वयात येईपर्यंत नुसत्या सदऱ्यावर वावरे. मग एक दिवस ती बाकावरून इकडून तिकडे धावे आणि खाली उभी असलेली आई किंवा दुसरी कोणी नातेवाईक ‘पन्योवा’, म्हणजे लग्नाच्या वयाचा लोकरी घागरा, तिच्यासमोर उघडून धरी. तिने त्यात उडी घेतली की तिला मागणी घालायला हरकत नसे. म्हणजे तोवरची वर्षे कपड्यांच्या भाषेत ‘अजून नाही’ या एकाच शब्दाने सांगितली जात.

यावर सरळ आक्षेप येतो की ही गरिबीची कहाणी आहे आणि तिला तत्त्वज्ञानाचा मुलामा देण्याचे कारण नाही. लिननसाठी अळशी पेरायची, कुजवायची, झोडायची, पिंजायची, हिवाळाभर चातीवर कातायची आणि मग मागावर बसायचे. एवढे कष्ट पोटात असलेले कापड उद्या आखूड होणाऱ्या अंगावर कोण घालील? हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. पण गरिबी जुने कापड का वापरले एवढेच सांगते. ते बापाचेच का, त्याने बापाची माया लागते असे का मानत, हे ती सांगत नाही. शिवाय नवे कापड घरात नसेच असेही नव्हते. सहासात वर्षांची मुलगी चाती हाती घेई, आणि पुढे कातलेले आणि विणलेले बरेचसे कापड तिच्याच हुंड्याच्या पेटीत जाई. पेटीत तिच्या उद्याच्या संसाराचे नवेकोरे लिनन आणि अंगावर वडीलधाऱ्यांच्या उतरलेल्या कपड्याचा सदरा, असे ते मूल दोन काळांच्या मध्ये उभे असे. टंचाईने कापड मोजून दिले हे खरे, पण ते कुणाला आणि केव्हा द्यायचे हे रीतीने ठरवले.

दुसरी अडचण पुराव्याची आहे. रोजचे बालवस्त्र संग्रहालयात पोचत नाही. ते धाकट्याकडे जाते, मग पोतेरे होते, मग चुलीत जाते. टिकतात ते राजपुत्रांचे झगे. म्हणून चित्रांचा आणि साहित्याचा आधार घ्यावा लागतो, आणि चित्रकार भावुक असतात हे मान्यच आहे. तरी वेगवेगळ्या हातांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा टिपली असेल तर ती दुर्लक्षिता येत नाही. व्हेनेत्सियानोव यांच्या 1825 च्या ‘झाखारका’ या चित्रात खांद्यावर कुऱ्हाड घेतलेल्या शेतकऱ्याच्या पोराची टोपी आणि हातमोजे उघडउघड मोठ्या माणसाचे आहेत. नेक्रासोव यांच्या 1861 च्या ‘शेतकऱ्यांची मुले’ या कवितेतला सहा वर्षांचा मुलगा गारठ्यात लाकडाची गाडी घरी नेतो, तेव्हा त्याचे बूट मोठे, हातमोजे मोठे, आणि तो स्वतः बोटभर. पेरोव यांच्या 1866 च्या ‘त्रोइका’ या चित्रात बर्फातून पाण्याचे पिंप ओढणारी, कारागिरांकडे शिकाऊ असलेली पोरे अशाच बेमाप कपड्यांत आहेत. या तिघांचे हेतू वेगळे: एकाला कौतुक आहे, एकाला कळवळा, एकाला संताप. ढगळ कपडे मात्र तिघांकडे आहेत.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. खुद्द सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनने मुलाच्या अंगाचा विचार करून कपडा बेतला होता. 1777 च्या डिसेंबरात जन्मलेल्या आपल्या नातवाला, पुढच्या झार पहिल्या अलेक्झांडरला, तिने घट्ट बांधून ठेवू दिले नाही. 1781 मध्ये ग्रिम या आपल्या पत्रमित्राला लिहिताना तिने त्याच्या पोशाखाचे चित्रच काढून पाठवले. सगळा पोशाख एकसंध, हातपाय एकदमच आत सरकवायचे, मागे चारपाच आकडे लावायचे, की झाले. कुठे काचणे नाही, मूल कपडे घालताना रडतही नाही. स्वीडनच्या राजाने आणि प्रशियाच्या राजपुत्राने त्याचा नमुना मागवून घेतला, हेही ती अभिमानाने सांगते. बालपणाचा शोध लागल्याचा याहून चांगला पुरावा कुठला? पण शोध लागणे वेगळे आणि रूढ होणे वेगळे. तो नमुना एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेला. रशियाच्या खेड्यात बाळे पुढे शतकाहून अधिक काळ पट्टीने बांधली जात राहिली. आणि याच कॅथरीनने 1764 मध्ये स्थापलेल्या स्मोल्नी संस्थेत उमरावांच्या मुलींच्या कपड्यांचा रंग वयाप्रमाणे बदलत असे. सर्वांत लहान मुली कॉफीच्या रंगात, सर्वांत मोठ्या पांढऱ्यात. रंग पाहिला की मुलीला अजून किती पायऱ्या चढायच्या आहेत ते कळे. नातवासाठी आजीने आजचा विचार केला; संस्थेसाठी राणीने उद्याचा.

एकोणिसाव्या शतकातल्या शाळांनी हा उद्याच अंगावर चढवला. 1834 च्या नागरी गणवेशाच्या नियमांनंतर माध्यमिक शाळेतला, म्हणजे जिम्नाझियममधला, मुलगा बटणे आणि उभी कॉलर लावलेला छोटा सरकारी अधिकारी दिसू लागला. हा वेश शाळेबाहेरही सुटत नसे. तो घालायला मिळणे हाच एक दर्जा होता, आणि 1887 मध्ये शिक्षणमंत्र्यांनी कोचमन, नोकर आणि स्वयंपाकिणींच्या मुलांना या शाळांपासून दूर ठेवण्याचे परिपत्रक काढले तेव्हा त्याचा अर्थ आणखी टोकदार झाला. बोग्दानोव-बेल्स्की यांच्या 1897 च्या चित्रात शाळेच्या दाराशी थबकलेला फाटक्या कपड्यांतला मुलगा पाठमोरा आहे. चेहरा दाखवण्याची गरजच नाही. कोटाची लक्तरे पुरेशी बोलतात.

क्रांतीनंतर 1918 मध्ये शालेय गणवेश गेला. इतिहास इथे तुटला असे वाटते, पण जेमतेम तीस वर्षांत टाका पुन्हा जुळला. महायुद्धानंतर, 1948–49 च्या सुमारास, गणवेश परतला तेव्हा मुलींना मिळाला तपकिरी झगा, रोजचा काळा आणि सणाचा पांढरा एप्रन, म्हणजे जवळजवळ झारच्या काळातलाच. मुलांना मिळाली उभ्या कॉलरची करडी ‘गिम्नास्त्योर्का’, पितळी बकलचा पट्टा आणि टोपी. फार तर चार वर्षांपूर्वीच्या सैनिकाचे धाकटे रूप. पूर्वी पोरगे भावी कारकून दिसे, आता भावी शिपाई. या गणवेशाची खरी मेहनत घरात होई: मुलींच्या झग्याची पांढरी कॉलर आणि कफ उसवायचे, धुवायचे, इस्त्री करून पुन्हा टाचायचे, असे आठवड्याला ठरलेलेच. सैनिकी कट पुढे 1960 च्या दशकात साध्या कोटाला वाट देऊन गेला, आणि 1992 मध्ये गणवेशाची सक्तीच संपली. 2013 पासून लागू झालेल्या शिक्षण कायद्यानंतर तो नव्या रूपात पुन्हा बऱ्याच शाळांत दिसतो.

सोव्हिएत राज्याची बाजू इथे न मांडणे अन्यायाचे होईल. मुलांसाठी स्वतंत्र कारखाने, ठरीव मापे, मुद्दाम स्वस्त ठेवलेल्या किमती, आणि 1957 मध्ये मॉस्कोत उघडलेले ‘देत्स्की मीर’ हे भव्य दुकान, हे सगळे खरे आहे. लहान चणीच्या बायका स्वस्त पडतात म्हणून मुलांचे बूट घेत, यावरून ती सवलत किती खरी होती ते कळते. पण स्वस्त म्हणजे मिळणारे नव्हे. हवे ते माप, हवा तो रंग दुकानात नसे, म्हणून आई ‘राबोत्नित्सा’ मासिकातला कटिंगचा नमुना पुढे ठेवून बापाचा कोट उसवी, कापडाची आतली बाजू बाहेर घेई आणि त्यातून मुलाचा शिवी. घराबाहेरची राज्यव्यवस्था पार बदलली, घरातले यंत्र तेच राहिले: मागचे कापड, पुढचे माप. मराठीत भाषांतरित झालेल्या रशियन बालपुस्तकांतली ती गोलमटोल पोरे, जाड कोटावर पट्टा बांधलेली आणि मफलरची गाठ पाठीवर आलेली, आपल्याला केवळ थंडीची चित्रे वाटली. त्या पट्ट्याचे एक काम ढगळ कोट अंगाशी धरून ठेवण्याचेही होते.

मग मुलाच्या आजच्या अंगाचा विचार कुठे झाला? घोषणांपेक्षा बारीकसारीक वस्तूंत. कित्येक दशके मुलगा असो वा मुलगी, लांब सुती मोजे वर धरून ठेवायला आत बंदांची एक चोळी घालावी लागे. ती काचे, बंद निसटत, आणि पोटरीवर मोजे गोळा होत. 1960 च्या दशकात चेकोस्लोव्हाकियातून कमरेपर्यंतचे विणलेले पायमोजे आले. ‘कल्गोत्की’ हा शब्दही चेक भाषेतून आला. गुडघ्यावर ते ढिले पडत, पण पळणाऱ्या, बसणाऱ्या, लोळणाऱ्या पोराला त्यांनी त्या चोळीतून सोडवले. आणि त्याहूनही साधी युक्ती म्हणजे दोन हातमोज्यांना जोडणारे इलॅस्टिक. ते कोटाच्या एका बाहीतून पाठीमागून दुसऱ्या बाहीत ओवायचे, म्हणजे बर्फात खेळताना हातमोजे काढले तरी मनगटाशी लोंबत राहतात. कोट दोन वर्षे पुढचा, त्यात ओवलेले हे इलॅस्टिक मात्र आजच्या पोरासाठी. पोर हातमोजे हरवणारच, हे आईने गृहीत धरले होते.