समुद्र रिकामा करण्याचा खेळ

१९७२ साली ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ हे पुस्तक आलं आणि जगभर वादळ उठलं. लोकसंख्या, उद्योग, अन्न, प्रदूषण यांचं गणित एमआयटीतल्या एका तरुण गटाने संगणकावर मांडलं होतं. गटाचे प्रमुख होते डेनिस मेडोज. पुढे मेडोज खेळांकडे वळले. १९८०च्या दशकात त्यांनी ‘फिश बँक्स’ हा खेळ रचला.

खेळ साधा आहे. प्रत्येक गट म्हणजे एक मासेमारी कंपनी. दरवर्षी किती बोटी घ्यायच्या, त्यातल्या किती खोल समुद्रात धाडायच्या आणि किती किनाऱ्याजवळ, हे ठरवायचं. शेवटी ज्याची मालमत्ता जास्त तो जिंकला. बहुतेक वेळा मासेच संपतात. जाळी हलकी येऊ लागेपर्यंत बोटी फार झालेल्या असतात. हे निव्वळ खेळातलं नाही. न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी कॅनडा सरकारला जुलै १९९२मध्ये बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.

मग माणूस हावरटच, असं समजायचं का? गॅरेट हार्डिन यांनी १९६८च्या प्रसिद्ध निबंधात सामायिक कुरणाचा दाखला देऊन जवळपास तेच सुचवलं होतं. पण त्या कुरणावरचे गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत! प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला यातली मेख चटकन कळते. जिंकणं कशाला म्हणायचं आणि खेळाडूंना काय करता येईल, हे कोड लिहिणारा आधीच ठरवतो. मग निघालेलं उत्तर मानवी स्वभावाचं, की नियमावलीचं?

एलिनॉर ऑस्ट्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच नियम बदलून पाहिला. इंडियाना विद्यापीठातल्या प्रयोगांत विद्यार्थी खऱ्या पैशांसाठी खेळत. अबोल राहून खेळताना ते सामायिक साठा ओरबाडत. समोरासमोर बोलायची मुभा मिळाली की, शब्द पाळण्याची कुठलीही सक्ती नसताना, बरेच सावरत. २००९मध्ये ऑस्ट्रम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही परंपरा पुढे आंध्र प्रदेशातल्या वस्त्यांमध्ये पोचली. तिथे भूजलाचा खेळ झाला: कमी पाण्याचं पीक घ्यायचं, की जास्त पाण्याचं आणि जास्त पैशांचं? काही फेऱ्यांनंतर बोलायची मुभा दिली. गंमत म्हणजे, इथे तिचा खेळावर फारसा परिणाम दिसला नाही. पण वर्षभराने त्याच वस्त्यांत पुन्हा खेळ मांडला, तेव्हा सहकार्य लक्षणीय वाढलेलं होतं. शिवाय जिथे खेळ झाला, त्या वस्त्यांनी पाण्याच्या नोंदवह्या ठेवण्याचं आणि भूजलाचे नियम करण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं.

म्हणजे खेळात मिळालेल्या चार मिनिटांच्या गप्पांनी जे साधलं नाही, ते मधल्या वर्षभरात वस्तीत झिरपलं असावं. खेळाने गावाला शहाणपण शिकवलं, असा दावा मी करणार नाही. बोअरवेलचं पाणी आटताना त्या शेतकऱ्यांनी कितीदा पाहिलं असेल. फक्त ज्याच्या-त्याच्या विहिरीचं दुःख खेळामुळे एकाच पटावर, सगळ्यांना एकदम दिसलं. शाळा-कॉलेजांत असे खेळ आणणाऱ्यांनी म्हणूनच एक पथ्य पाळावं. समुद्र रिकामा झाला की तास संपवू नये. नियम कोणी केले होते, हे मुलांना विचारावं. आणि ते बदलून पुन्हा खेळू द्यावं.